‘माझ्यामुळे झालं का हो हिला?’
पीसीओडी, आनुवंशिकता आणि आपण

(पुण्यातल्या वस्त्यांमध्ये आरोग्याचं काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या एकदिवसीय शिबिरात केलेल्या भाषणाचा हा संपादित मजकूर.)



आज मला पीसीओडी आणि आनुवंशिकता या विषयावर बोलायला सांगितलं आहे. मी डॉक्टर नाही. एम.एस.डब्ल्यू. केल्यापासून गेली दहा-बारा वर्षं पुण्यातल्या वस्त्यांमध्ये आणि समुपदेशन केंद्रात काम करते आहे. त्यामुळे जनुकांबद्दल मी जे सांगेन ते वाचून आणि डॉक्टर मैत्रिणींना पुन्हापुन्हा विचारून समजून घेतलेलं आहे. पण हे ज्ञान एकदा घरात शिरलं की बाईच्या वाट्याला काय येतं, ते मी रोज बघते. आपल्याला या दोन्ही गोष्टी कळायला हव्यात.

‘आनुवंशिक’ हा शब्द आपल्याकडे साधा राहत नाही. केसपेपर लिहिताना डॉक्टर विचारतात, ‘घरात आणखी कोणाला आहे का?’ प्रश्न उपचारासाठी असतो. पण शेजारी बसलेल्या आईला तो आरोपासारखा ऐकू येतो. मुलगी लग्न झालेली असेल तर सासरी त्याचा अर्थ होतो, ‘त्यांच्याकडेच आहे ते, आपल्याला सांगितलं नाही.’ आमच्या केंद्रात एक बाई आपल्या एकोणीस वर्षांच्या मुलीला घेऊन आल्या होत्या. मुलीला चार-चार महिने पाळी येत नव्हती. हनुवटीवर केस आले होते, त्यापायी तिनं कॉलेजात जाणं बंद केलं होतं. मुलगी कॉलेजबद्दल बोलत होती. आई मात्र एकच विचारत होती, ‘ताई, माझ्यामुळे झालं का हो हिला?’ हा प्रश्न मी इतक्या आयांच्या तोंडून ऐकला आहे, की आजचं सगळं बोलणं त्याचंच उत्तर आहे असं समजा.

हा आजार नेमका काय?

१९३५ साली शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथाल या दोन डॉक्टरांनी सात स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध केली. अनियमित किंवा बंद झालेली पाळी, अंगावर जास्त केस, मूल न होणं आणि आकारानं मोठे झालेले बीजकोश अशी ती लक्षणं होती. बीजकोशाचा तुकडा कापून काढणं हा त्या वेळचा उपचार. पुढे या आजाराला पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, म्हणजे पीसीओएस, हे नाव मिळालं. आपल्याकडे बोलताना सगळ्या पीसीओडी म्हणतात, म्हणून मीही तसंच म्हणेन.

हे नाव फसवं आहे. सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘सिस्ट’ हा शब्द वाचला की बायकांना गाठ वाटते, आणि गाठ म्हटलं की कॅन्सर आठवतो. प्रत्यक्षात त्या गाठी नसतात. दर महिन्याला बीजकोशात काही बीजांच्या पिशव्या वाढायला लागतात, त्यातली एक पूर्ण वाढते आणि तिच्यातून बीज बाहेर पडतं. पीसीओडीमध्ये या पिशव्या अर्धवट वाढून थांबतात. बीज बाहेर पडत नाही, म्हणून पाळी लांबते. सोनोग्राफीत दिसतात त्या या थांबलेल्या पिशव्या. त्या ऑपरेशन करून काढायच्या नसतात.

मूळ बिघाड संप्रेरकांचा, म्हणजे हार्मोन्सचा आहे. अँड्रोजेन नावाची संप्रेरकं प्रत्येक बाईच्या शरीरात असतात, पीसीओडीत ती गरजेपेक्षा जास्त तयार होतात. म्हणून चेहऱ्यावर केस येतात, मुरुम येतात, डोक्यावरचे केस विरळ होतात. त्याच्या जोडीला बऱ्याच जणींचं शरीर इन्शुलिनला दाद देत नाही. मग शरीर आणखी इन्शुलिन तयार करतं, आणि ते वाढलेलं इन्शुलिन बीजकोशाला आणखी अँड्रोजेन बनवायला लावतं. एक चक्र दुसऱ्याला फिरवतं. मानेवर, काखेत काळपट जाडसर कातडी दिसते, ती बहुतेक वेळा या वाढलेल्या इन्शुलिनची खूण असते. आपल्या मुली ती मळ समजून घासत बसतात आणि आया त्यांना ‘नीट अंघोळ कर’ म्हणून बोलतात.

किती जणींना आहे? जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मूल होण्याच्या वयातल्या शंभर स्त्रियांपैकी १० ते १३ जणींना. पण आकड्यांबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. मुंबईत १५ ते २४ वर्षांच्या मुलींचा एक अभ्यास झाला, तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. २००३ साली रॉटरडॅमला ठरलेली व्याख्या लावली तर त्यातल्या २२.५ टक्के मुलींना पीसीओडी निघत होता. ही व्याख्या म्हणते की अनियमित पाळी, वाढलेलं अँड्रोजेन आणि सोनोग्राफीतल्या पिशव्या या तीनपैकी दोन असल्या तरी पुरे. अँड्रोजेन वाढलेलंच असलं पाहिजे अशी दुसरी, कडक व्याख्या लावली तर त्याच मुलींमध्ये आकडा १०.७ टक्क्यांवर आला. मुली त्याच, फक्त मोजपट्टी बदलली. म्हणून कोणी छातीठोकपणे ‘इतक्या टक्के मुली आजारी’ असं म्हणालं, तर कोणत्या व्याख्येनं मोजलं ते आधी विचारावं.

त्याच अभ्यासात पीसीओडी निघालेल्या मुलींपैकी ७१.८ टक्के मुली लठ्ठ नव्हत्या. ‘वजन वाढवलंस म्हणून झालं’ हे वाक्य ज्या ज्या मुलीनं ऐकलं असेल, तिला हा आकडा नक्की सांगा.

घरातून येतं म्हणजे काय येतं?

एकाच घरात हा आजार जास्त दिसतो, हे डॉक्टरांना फार पूर्वीपासून माहीत होतं. १९९८ साली अमेरिकेत पीसीओडी असलेल्या ८० स्त्रियांच्या ११५ बहिणी तपासल्या. त्यातल्या २२ टक्के बहिणींना पीसीओडी होता. आणखी २४ टक्के बहिणींची पाळी नियमित होती, पण रक्तात अँड्रोजेन वाढलेलं होतं. म्हणजे जवळजवळ निम्म्या बहिणींमध्ये काही ना काही सापडलं. याचा उलटा अर्थही तितकाच खरा आहे, की आईबाप तेच असूनही निम्म्याहून जास्त बहिणींमध्ये यातलं काहीही नव्हतं.

२००६ साली हॉलंडमध्ये जुळ्या बहिणींचा अभ्यास झाला. हुबेहूब सारख्या जुळ्या बहिणींची सगळी जनुकं सारखी असतात, बाकीच्या बहिणींची साधारण निम्मी सारखी. पहिल्या प्रकारच्या बहिणींमध्ये एकीला असेल तर दुसरीलाही असण्याचा संबंध कितीतरी घट्ट निघाला. त्यावरून संशोधकांनी हिशेब मांडला, की बायकाबायकांमध्ये या आजाराबाबत जो फरक दिसतो, त्यात जनुकांचा वाटा सुमारे ७० टक्के असावा.

हा सत्तरचा आकडा वर्तमानपत्रात आला की त्याचं काहीतरी भलतंच होतं. आईला असेल तर मुलीला व्हायची शक्यता ७० टक्के, असा त्याचा अर्थ नाही. एका बाईच्या आजारातला ७० टक्के भाग जनुकांचा आणि ३० टक्के खाण्यापिण्याचा, असाही नाही. हा आकडा मोठ्या समूहातल्या फरकांबद्दल बोलतो, तुमच्या मुलीच्या नशिबाबद्दल तो काही सांगत नाही.

मग कोणतं जनुक? इथे सगळ्यांना एकच उत्तर हवं असतं, आणि ते नाही. काही आजार एकाच जनुकातल्या बिघाडामुळे होतात, उदाहरणार्थ सिकलसेल. आईकडून एक आणि वडिलांकडून एक अशी दोन्ही बिघडलेली जनुकं मिळाली तर तो आजार होतो. पीसीओडीचं तसं नाही. २०११ साली चीनमधल्या मोठ्या अभ्यासात आपल्या गुणसूत्रांवरच्या तीन जागा सापडल्या, पुढच्याच वर्षी आणखी सापडल्या. २०१८ साली युरोपीय वंशाच्या लोकांची माहिती एकत्र केली गेली. त्यात पीसीओडी असलेल्या १०,०७४ आणि नसलेल्या १,०३,१६४ जणी होत्या. एवढं करून १४ जागा निघाल्या, आणि सगळ्या मिळून आनुवंशिकतेचा लहानसा भागच उलगडला.

या जागांजवळची जनुकं काय करतात ते पाहिलं तर आजार नीट समजतो. काही जनुकं मेंदूकडून येणारा निरोप बीजकोशात घेणाऱ्या यंत्रणेची आहेत. डेंड-वन-ए नावाचं एक जनुक बीजकोशातल्या पेशींना जास्त अँड्रोजेन बनवायला लावतं असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. थाडा नावाच्या जनुकाचा मधुमेहाशीही संबंध सापडला होता. इन्शुलिनचा निरोप घेणाऱ्या जनुकाकडेही बोट दाखवलं गेलं आहे. मुंबईत परळला राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्था आहे, आता तिच्या नावात बालआरोग्यही आलं आहे. पीसीओडीशी नाव जोडलं गेलेल्या जनुकांची जगभरच्या संशोधनातून जमवलेली एक यादी तिथल्या संशोधकांनी तयार केली. आधी तिच्यात २४१ जनुकं होती, २०२० पर्यंत ती ५३३ झाली. आपल्या देशातल्या बायकांमधली काही जनुकंही या संस्थेनं तपासली आहेत. पण चीन आणि युरोपमधल्या त्या अभ्यासांच्या मानानं आपल्याकडचे अभ्यास लहान आहेत.

बचत गटात मी हे भिशीच्या उदाहरणानं सांगते. भिशीत एकटी कोणी मोठी रक्कम घालत नाही. प्रत्येकीचे थोडे-थोडे पैसे जमतात आणि त्याची रक्कम होते. पीसीओडीतलं प्रत्येक जनुक असंच थोडं-थोडं घालतं. त्यातली बरीचशी तुमच्यात आणि माझ्यातही असतील, आजार नसताना. ती पुरेशी जमली आणि बाकीची परिस्थितीही तशीच मिळाली, की आजार दिसायला लागतो. म्हणून रक्त तपासून ‘हिला पीसीओडी होणार’ किंवा ‘हिच्या मुलीला होणार’ असं सांगणारी खात्रीची जनुकचाचणी आज नाही. अशी चाचणी कोणी विकत असेल तर आपल्या गटातल्या बायकांचे पैसे वाचवणं हे आपलं काम आहे.

वडिलांकडचं कोण विचारतं?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. मुलीची निम्मी जनुकं आईकडून येतात आणि निम्मी वडिलांकडून, हे आपण शाळेत शिकलेलो असतो. तरी बीजकोशाचा आजार म्हटला की सगळ्यांच्या नजरा आईकडे वळतात, कारण वडिलांना बीजकोश नसतो. पण ही जनुकं पुरुषांच्या शरीरातही असतात, आणि गप्प बसून नसतात. ब्रिटनमध्ये लाखांहून जास्त पुरुषांची माहिती तपासली, तेव्हा पीसीओडीशी जोडलेली जनुकं ज्यांच्यात जास्त होती, त्या पुरुषांमध्ये लठ्ठपणा, मधुमेह, हृदयविकार आणि टक्कल जास्त दिसलं. पीसीओडीबद्दलच्या २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनीही रुग्णाच्या वडील-भावांमधल्या मधुमेह आणि रक्तदाबाकडे लक्ष वेधलं आहे. पुरुषाला पाळी नाही, म्हणून त्याच्यात त्याला पीसीओडी हे नाव मिळत नाही, एवढंच.

मघाशी ज्या मायलेकींबद्दल सांगितलं, त्यांच्याबरोबर मी कुटुंबाचं झाड काढायला बसले. समाजकार्याच्या शिक्षणात आम्हाला हे शिकवतात. तीन पिढ्या, दोन्ही बाजू. आईच्या बाजूचं झाड पाच मिनिटांत भरलं. मावश्या, आजी, कोणाची पाळी कशी, सगळं त्यांना पाठ होतं. वडिलांच्या बाजूला मात्र नुसत्या रिकाम्या चौकटी. पुढच्या वेळी त्या नणंदेला विचारून आल्या. मुलीच्या आजोबांना चाळिशीच्या आतच साखर होती. एका आत्याला वर्षातून तीन-चारदाच पाळी यायची, ‘तिला तेवढीच येते’ म्हणून कोणी कधी दवाखान्यात नेलं नाही. वडिलांनी साखर तपासली नव्हती, त्या निमित्तानं तपासली, ती वाढलेली निघाली. यावरून मुलीला वडिलांकडूनच आलं असं सिद्ध होत नाही, आणि मला ते सिद्ध करायचंही नव्हतं. पण त्या घरातला औषधाची गरज असलेला माणूस सापडला, कारण प्रश्न दोन्ही बाजूंना विचारला गेला. एका बाजूलाच विचारला असता तर त्या घरात फक्त एक अपराधी आई उरली असती.

पोटातलं वातावरण, आणि पुण्याचा एक अभ्यास

जनुकं मिळतात गर्भधारणेच्या क्षणी. त्यानंतर नऊ महिने बाळ आईच्या पोटात वाढतं, आणि तिथेही काही घडतं. स्वीडनमधल्या २०१९ च्या एका अभ्यासात, पीसीओडी असलेल्या स्त्रियांच्या मुलींना हा आजार होण्याचा धोका इतर मुलींच्या पाचपट आढळला. यात जनुकांचा वाटा किती आणि पोटातल्या संप्रेरकांचा किती, हे वेगळं करणं अवघड आहे.

याबाबत आपल्या पुण्यात झालेलं एक काम सांगायलाच हवं. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांमधल्या गरोदर बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. हा अभ्यास पीसीओडीचा नाही, हे मी आधीच सांगते. पण इन्शुलिनला शरीर दाद का देत नाही, या प्रश्नावर त्यानं प्रकाश टाकला आहे, आणि पीसीओडीच्या मुळाशी तोही एक प्रश्न आहे. त्या गावांमधल्या बाळांचं जन्माचं सरासरी वजन २.७ किलो होतं, इंग्लंडमधल्या साऊदम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आपली बाळं सगळीकडून बारीक होती, पण त्यांची चरबी त्या मानानं कमी झालेली नव्हती. स्नायू कमी, चरबी टिकून. बारीक दिसणारी पण आतून चरबी असलेली बाळं असं त्यांचं वर्णन झालं.

२००४ साली याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी युडकिन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये दोघांचा एक फोटो छापला. उंची-वजनाचं गुणोत्तर दोघांचं अगदी सारखं, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. मुंबईच्या अभ्यासातल्या त्या लठ्ठ नसलेल्या मुली आठवा. ‘ही तर काडीसारखी आहे, हिला कसला पीसीओडी,’ म्हणून परत पाठवलेल्या मुली मला माहीत आहेत. आपल्याकडे बारीक दिसण्यावर विसंबून चालत नाही.

याच सहा गावांच्या अभ्यासात आणखी दोन गोष्टी दिसल्या. ज्या गरोदर बायकांच्या ताटात पालेभाजी, फळं आणि दूध जास्त होतं, त्यांची बाळं चांगल्या वजनाची होती. आणि ज्यांना गरोदरपणात जास्त अंगमेहनत करावी लागली, त्यांची बाळं लहान होती. संशोधकांनी हे आकड्यांत मांडलं. आपण ते आपल्या भाषेत मांडायला हवं. घरातली बाई सगळ्यांच्या शेवटी जेवते, उरलंसुरलं खाते आणि नवव्या महिन्यापर्यंत राबते, याची नोंद तिच्या मुलांच्या शरीरात राहते.

पण इथे जपून पाऊल टाकावं लागतं. पोटातल्या वातावरणाबद्दल बोलायला लागलं की बाईला दोष द्यायला नवी जागा मिळते. पूर्वी म्हणायचे, तुझ्या रक्तातच आहे. आता म्हणतील, तू गरोदरपणात नीट खाल्लं नाहीस, तू टेन्शन घेतलंस. पुण्यात गर्भसंस्काराच्या वर्गांचा मोठा बाजार आहे. बाळ कसं निघेल हे सगळं आईच्या हाती, असं त्यातून बाईच्या मनावर ठसतं. पण भाजी विकत आणायचे पैसे, विश्रांती, घरातली कामं वाटून घेणारा नवरा आणि मोलकरीण म्हणून काम करणाऱ्या बाईला बाळंतपणाची पगारी रजा हे सगळं तिच्या एकटीच्या हातात कुठे असतं? विज्ञानातून जर काही मागणी निघत असेल, तर ती घराकडे, मालकाकडे आणि सरकारकडे करायची आहे.

जनुक आणि स्थळ

आपल्या चळवळीला या विषयाचा एक जुना अनुभव आहे. गर्भजल तपासणी आपल्या देशात १९७० च्या दशकात आली, ती बाळातले आनुवंशिक दोष शोधण्यासाठी. काही वर्षांतच ती मुलगी असेल तर गर्भ पाडण्यासाठी वापरली जायला लागली. स्त्री-संघटना रस्त्यावर आल्या, आणि १९८८ साली महाराष्ट्रानं देशात सर्वात आधी या चाचण्यांवर कायदा केला. देशाचा कायदा १९९४ मध्ये झाला. तंत्र उपचाराच्या नावानं येतं आणि समाज आपल्या सोयीनं ते बाईविरुद्ध वापरतो, हे आपण तेव्हा शिकलो.

म्हणून ‘पीसीओडी आनुवंशिक आहे’ हे वाक्य लग्नाच्या बाजारात गेल्यावर काय होतं याकडे आपलं लक्ष हवं. समुपदेशनात मला दिसतं ते असं. मुलीच्या सोनोग्राफीची फाइल कपाटाच्या तळाशी दडवली जाते. औषधं मध्येच बंद केली जातात, कारण स्थळ बघायला लोक येणार आणि गोळ्या दिसायला नकोत. डॉक्टरांनी आईला ‘लग्न करून टाका, मूल झालं की बरं होईल’ असं सांगितलेलं असतं. लग्नानंतर वर्षभरात दिवस गेले नाहीत की ती फाइल बाहेर येते, आणि मग ‘आम्हाला फसवलं’ म्हणून भांडण. एका मुलीला तर धाकट्या बहिणीचं लग्न ठरेपर्यंत दवाखान्यात जाऊ नकोस असं घरच्यांनी बजावलं होतं, कारण ‘हिला आहे म्हणजे तिलाही असेल’ असं लोक म्हणतील. म्हणजे आनुवंशिकतेचं ज्ञान धाकट्या बहिणीची तपासणी करून घ्यायला उपयोगी पडायचं, तेच थोरलीचे उपचार थांबवायला वापरलं गेलं.

लग्नानं पीसीओडी बरा होत नाही. बाळंतपणानंही होत नाही. आणि पीसीओडी म्हणजे वांझपण नाही. बीज बाहेर पडत नसेल तर त्यासाठी गोळ्या आहेत, आणि उपचार घेतल्यावर बहुतेक जणींना मूल होतं. ज्यांना मूल नको आहे, त्यांनाही या आजाराचे उपचार मिळण्याचा तेवढाच हक्क आहे. केसांमुळे कॉलेज सोडणाऱ्या मुलीला डॉक्टर ‘आत्ता काही नको, लग्न ठरलं की या’ म्हणतात, तेव्हा ते तिच्यावर नव्हे, तिच्या होणाऱ्या सासरवर उपचार करत असतात.

आपण काय करायचं?

कुटुंबाची माहिती टाकून द्यायची नाही, तिचा उपयोग करायचा. एका मुलीला पीसीओडी आहे असं कळलं की तिच्या बहिणींची पाळी कशी आहे ते विचारा. आई, वडील, काका, आत्या यांची साखर आणि रक्तदाब तपासायला सांगा. झाड दोन्ही बाजूंचं काढा. वडिलांची बाजू रिकामी राहिली तर ती भरून आणायचं काम वडिलांनाच द्या.

मुलीची स्वतःची साखर तपासायला हवी. पीसीओडी असलेल्या स्त्रियांना मधुमेहाचा धोका जास्त असतो, गरोदरपणातल्या मधुमेहाचाही. नुसती उपाशीपोटीची साखर पुरेशी नसते. ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी केलेली तपासणी जास्त काही सांगते. ही तपासणी सरकारी आणि महापालिकेच्या दवाखान्यांत मागून घ्या. सोबत रक्तदाब आणि रक्तातली चरबी.

पाळी लांबली तर ‘बरं झालं, कटकट नाही’ म्हणून बसू नये. तीन-तीन महिने पाळी येत नसेल तर गर्भाशयाचं अस्तर जाड होत जातं, आणि पुढे त्या अस्तराच्या कॅन्सरचा धोका वाढतो. तरुणपणी तो दुर्मीळ आहे, घाबरायचं कारण नाही, पण डॉक्टरांना दाखवायलाच हवं.

लहान मुलींच्या बाबतीत उलटी घाई नको. पाळी सुरू झाल्यावर पहिली दोन-तीन वर्षं ती मागेपुढे होणं स्वाभाविक असतं. पाळी येऊन आठ वर्षं होईपर्यंत नुसत्या सोनोग्राफीवरून पीसीओडीचा शिक्का मारू नये, असं २०२३ च्या त्याच सूचना सांगतात, कारण त्या वयात निरोगी मुलींच्या बीजकोशातही भरपूर पिशव्या दिसतात. चौदा वर्षांच्या मुलीच्या हातात सोनोग्राफीचा रिपोर्ट देऊन तिला आयुष्यभराची रुग्ण करू नका.

चालणं, अंगाला घाम येईल असा व्यायाम, ताटात भाजी आणि डाळ या गोष्टींचा उपयोग होतो, वजन फारसं उतरलं नाही तरी होतो. पण दहा बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्या मुलीला ‘रोज योगा कर’ सांगून आपण सुटत नाही. तिला संध्याकाळी न घाबरता चालता येईल असा रस्ता वस्तीत आहे का, हाही आरोग्याचाच प्रश्न आहे. आणि मुलीच्या मनाची विचारपूस करा. या आजारात उदासी आणि धास्ती जास्त दिसते. चेहऱ्यावरच्या केसांना घरचे किरकोळ समजतात, मुलगी समजत नाही.

शेवटी, त्या आईच्या प्रश्नाला मी आता काय उत्तर देते ते सांगते. मी म्हणते, ‘तुमच्याकडून थोडं आलं असेल, तिच्या वडिलांकडून थोडं आलं असेल, तुमच्या दोघांच्या मागच्या पिढ्यांकडून आलं असेल. तिचा रंग, तिचं हसणं, तिची हुशारी जशी आली, तसंच. ते कोणी दिलेलं नसतं आणि कोणाला अडवताही आलं नसतं. आता तिची साखर कधी तपासायची ते ठरवू या.’

तुमच्या गटात पुढच्या बैठकीला एक मोठा कागद आणि खडू घेऊन बसा आणि प्रत्येकीला आपल्या कुटुंबाचं झाड काढायला सांगा. कोणाच्या कागदावर काय आहे ते गटाबाहेर जाणार नाही, हे आधी सगळ्यांनी मिळून कबूल करा. मग ज्यांच्या झाडावर मधुमेह आणि लांबलेली पाळी दोन्ही आहेत, त्यांची यादी करून एका दिवशी सगळ्यांना मिळून दवाखान्यात घेऊन जा. एकटीला तपासणी नाकारणं सोपं असतं. दहाजणी रांगेत उभ्या असल्या की ते तितकं सोपं राहत नाही.